तीर, नग १

दिवाळीला गारगोटीला गेलो की आई माझ्यासाठी एक काम हमखास राखून ठेवते. यंदा माळ्याचा नंबर होता. पावसाळ्यात कौलं सरकून पाणी आत आलं होतं. वरचं सगळं खाली काढायचं, उन्हात टाकायचं आणि निम्मं भंगारवाल्याला द्यायचं असा बेत ठरला. (निम्मं म्हणजे आईच्या मते. आजीच्या मते त्यातलं काहीच द्यायचं नव्हतं.) आबांच्या लोखंडी ट्रंकेच्या मागे, मोडक्या छत्रीच्या काड्यांबरोबर सुतळीने बांधलेला एक तीर सापडला.

हा तीर मी लहानपणी पाहिला होता. घरात त्याची एक गोष्टही ठरलेली होती. आबा नोकरीच्या सुरुवातीला सातपुड्याच्या पायथ्याशी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात (हा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे) एका सरकारी कचेरीत कारकून होते. तिथल्या एका भिल्ल मित्राने बदलीच्या वेळी आठवण म्हणून त्यांना हा तीर दिला. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे त्याचा रुबाब मोठा होता.

आता तो हातात घेऊन नीट पाहिला. बोरूसारख्या पोकळ काडीचा, साधारण ऐंशी सेंटीमीटर लांब. पुढे चपटं, सुरीसारखं लोखंडी पातं, मागे दोरी अडकवायची खाच. आणि पिसं? पिसं नव्हतीच. पण पिसांची जागा होती. खाचेपासून दोन बोटं पुढे दोऱ्याचे वेढे, तिथून साडेबारा सेंटीमीटरवर पुन्हा वेढे, आणि दोन्हींच्या मधे काडीवर तीन फिकट पट्टे. जिथे पिसं होती तिथे धूर आणि हाताचा मळ पोचला नव्हता. भिंतीवरची जुनी तसबीर काढली की मागे कसा चौकोन राहतो, अगदी तसं. सुतळीच्या गाठीत पुठ्ठ्याचा एक तुकडाही अडकला होता. त्यावर शाईने 'तीर, नग १' आणि पुढे पाण्याने फुटलेला एक आकडा. तेव्हा मला वाटलं, आबांना प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लावायची सवय होती, तेच असणार.

पुण्यात परतल्यावर टीममधल्या एकाला फोटो दाखवला. तो शनिवार-रविवार एका क्लबात तिरंदाजीला जातो. म्हणाला, "प्लॅस्टिकची पाती मिळतात, तीन लाव, दहा मिनिटांचं काम." मला ते पटेना. जुन्या वाड्याला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्यासारखं ते वाटलं. मग ह्या तिराला मुळात कुठलं पीस असेल? प्रश्न एवढाच होता. त्यापायी चार वीकेंड गेले, आणि उत्तर मिळालं ते भलत्याच ठिकाणी.

आधी पीस करतं काय ते पाहू. सोसायटीत बॅडमिंटन खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. फूल कसंही मारा, हवेत ते उलटतं आणि बूच पुढे करूनच जातं. जड भाग पुढे, हवेला अडवणारा भाग मागे. तिराचं तसंच. शेपूट जरा बाजूला गेलं की तिथल्या पिसांवर हवा आदळते आणि त्याला परत रांगेत आणते. शिवाय तीर धनुष्यातून सुटतो तेव्हा सरळ नसतो. दोरीचा जोर मागून येतो, पुढचं टोक जड असतं, त्यामुळे काडी वाकते आणि माशासारखी वळवळत निघते. ही वळवळ लवकर शांत करणं हे पिसाचं दुसरं काम.

बॅडमिंटनच्या फुलातली अजून एक गंमत मला ह्या निमित्ताने कळली. त्याला १६ पिसं असतात आणि चांगल्या फुलात ती सगळी पक्ष्याच्या एकाच पंखाची घेतात, बहुतेक डाव्या. डाव्या पंखाचं पीस एकीकडे वळलेलं असतं, उजव्याचं दुसरीकडे. तिराला एकाच पंखाची पिसं लावली तर तो स्वतःभोवती फिरत सरळ जातो. सरमिसळ केली तर एक पीस इकडे ढकलतं, दुसरं तिकडे.

हे वाचून मला राहवेना. पुढच्या सुट्टीत मित्राचं शिकाऊ धनुष्य घेऊन पुन्हा गारगोटीला. आठ मिलिमीटरच्या लाकडी दांड्या, शेजारच्या गावठी कोंबड्यांची पंखातली पिसं, फेविक्विक. भात कापून झालेलं शेत होतं, तिथे पिंजर भरलेली पोती रचली. वीस पावलांवरून पिसाशिवायचा तीर सोडला तो पोत्यावर आडवा जाऊन आपटला. एका पंखाची तीन पिसं लावलेला सरळ घुसला. डाव्या-उजव्याची खिचडी केलेला जाताना असा हलत होता, की तो लागला ही पोत्याचीच कृपा. मग बादलीत बुडवून पाहिला. पिसं काडीला चिकटून बसली आणि तीर पहिल्यासारखा आडवा. भुदरगडकडून येणारा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांनी कल्पना करावी, इथे आषाढात शिकार करणाऱ्याला पिसाचं तेलकटपण किती मोलाचं वाटत असेल. पाण्यातल्या पक्ष्यांच्या पिसाला जगभर मान आहे तो उगाच नाही.

आता शिकारीचा तीर आणि नेमबाजीचा तीर ह्यांत फरक आहे. नेमबाजीच्या तिराचं टोक बारीक, त्यामुळे मागे छोटं पातं पुरतं. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्यात तयार झालेल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे ह्यांनी कंपाउंड प्रकारात सुवर्णपदकं मिळवली. त्या प्रकारच्या तिरांना प्लॅस्टिकची इवलीशी पाती असतात. शिकारीच्या तिराला पुढे रुंद पातं लागतं, जखम मोठी व्हावी म्हणून. पण ते रुंद पातंही हवेत पंखासारखं वागतं आणि तिराला आपल्या मर्जीने वळवायला बघतं. त्याला आवरायला मागचं पीस लांब आणि ताठ हवं. पीस मोठं केलं की वेग घटतो आणि आवाज वाढतो, आणि हरणाचे कान तिखट असतात. म्हणजे एक वाढवलं की दुसरं पडतं. आमच्या कामात सिस्टिम डिझाइनच्या मीटिंगमधे जे चालतं तेच, फक्त इथे चुकलं की घरी चूल पेटत नाही.

मित्राच्या प्लॅस्टिकचं उत्तरही इथेच मिळालं. त्याच्या धनुष्यावर तीर टेकवायला वेगळी सोय असते, पाती कशाला घासत नाहीत. भिल्लांचा कामठा म्हणजे बांबूची कांब, आणि दोरीही बहुधा बांबूच्याच सालीची. त्यावर तीर टेकतो तो कांबीला आणि मुठीला. सुटताना पीस त्यांना घासून जातं. पीस दबतं, पुन्हा उभं राहतं. प्लॅस्टिक दबत नाही, ते तिरालाच धक्का देतं. तेव्हा हलकं, दबणारं आणि आपोआप सावरणारं पीसच ह्या तिराला हवं. व्हेंडर बदलायचा तर आख्खी सिस्टिम बदलावी लागेल :)

भिल्लांच्या तिरांचं वर्णन रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात आहे. साधारण गजभर लांब तीर, काहींना सुरीसारखं चपटं पातं, काही खिळ्यासारखे. पाखरं पाडायला पुढे गाठीसारखं बोथट टोक, म्हणजे पाखरू फाटत नाही, नुसतं खाली येतं. मासे मारायचा तीर तर अफलातून: टोक माशात रुतलं की काडीपासून सुटतं, दोघांमधे दोरी असते, आणि काडी पाण्यावर तरंगत मासा कुठे आहे ते दाखवत राहते. माझ्याकडचा तीर चपट्या पात्याचा. म्हणजे तो चार पायांच्या जनावरासाठी होता.

ह्यापुढे मी पोथ्यांत शिरलो. शिरण्याचं कारण एक मराठी शब्द. आपण 'पुंखानुपुंख चौकशी' म्हणतो, म्हणजे बारीकसारीक तपशिलासकट. ह्यातला पुंख म्हणजे तिराचा मागचा, पिसांचा भाग. एका तिराच्या पुंखामागे दुसऱ्याचा पुंख, इतके लागोपाठ तीर. त्यावरून एकही दुवा न सोडता केलेलं काम. ऑफिसात 'पुंखानुपुंख रिपोर्ट' मागणाऱ्या साहेबाला आपण पिसाबद्दल बोलतोय ह्याची कल्पना नसते. मलाही नव्हती.

वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत पिसांची यादीच दिली आहे. चौदाव्या शतकातल्या 'शार्ङ्गधरपद्धती'तल्या धनुर्वेदाच्या भागातही ती आहे. कावळा, हंस, ससाणा, मासे खाणारे पक्षी, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर, ह्यांची पिसं चांगली. एका तिराला चार पिसं लावावीत, लांबी सहा अंगुळं. शिंगाच्या जोरदार धनुष्यासाठी मात्र दहा अंगुळं. लांबीचा हा फरक वाचून मी खूश झालो, कारण धनुष्य दणकट तर तीर जड आणि वळवळही मोठी, मग पीस लांब हवं, हे गणितात बसतं. सहा अंगुळं म्हणजे साधारण साडेअकरा सेंटीमीटर. माझ्या तिरावर साडेबारा. अंगूळ शेवटी माणसागणिक बदलतं, तेव्हा एवढ्या फरकाचं काही नाही. पण माझ्या तिरावर पट्टे तीन आहेत, चार नाहीत. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ १४ तीर होते. पुरे झालेले दोनच, आणि त्यांनाही पिसं तीन-तीनच, भूर्जाच्या डिंकासारख्या डांबराने चिकटवून वर बारीक दोरा गुंडाळलेला. तो माणूस आणि सातपुड्यातला माझा अनाम कारागीर ह्यांच्यात पाच हजार वर्षं आणि सहा-सात हजार किलोमीटर, आणि दोघेही तीनवर थांबले. शास्त्रकार चारवर. मला शास्त्रकारांपेक्षा ह्या दोघांवर जास्त भरवसा वाटतो, कारण ह्या दोघांना त्या तिराने पोट भरायचं होतं.

महाभारतातले तीर 'कंकपत्र' आणि 'गृध्रपत्र' असतात. गृध्र म्हणजे गिधाड हे उघड आहे. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीतला पक्षी असं बहुतेक जण मानतात. आणि ह्या कंकाची दुसरी एक नोंद वैद्यकात आहे! सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेलं शल्य काढायचा 'कंकमुख' नावाचा चिमटा आहे, लांब चोचीसारखा, आणि सगळ्या यंत्रांमधे तो श्रेष्ठ असं सुश्रुत सांगतो. म्हणजे ह्या पक्ष्याचं पीस लावून तीर आत घालायचा आणि त्याच्याच चोचीने बाहेर काढायचा. हे वाचून मी रात्री साडेबाराला एकटाच हसलो.

पण यादी वाचताना एक शंका आली. कावळ्यापासून मोरापर्यंत सगळेच चांगले, तर निवड कसली? इंग्रजांकडे ह्याचं उलट टोक आहे. रॉजर ॲस्कम नावाच्या पंडिताने १५४५ साली तिरंदाजीवर 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो पिसावर इतका वेळ थांबतो की संपादकाने कापलं कसं नाही असं वाटतं. पीस म्हाताऱ्या हंसिणीचं की तरुण, पंखातलं कितवं, डावं की उजवं. त्याचा निकाल बदकाच्या कुळातल्या साध्या पाळीव हंसाच्या बाजूने आहे. मोराला तो सरळ नापास करतो. दिसायला झोकदार, पण जड आणि खरखरीत, तीर नीट नेत नाही. त्याच्याआधी पाचव्या हेन्रीने १४१७ साली फ्रान्सच्या लढाईसाठी हुकूम काढला होता, की प्रत्येक हंसाची सहा-सहा पिसं सरकारजमा करावीत. सरकारी वसुली कशाकशाची असू शकते पाहा.

ॲस्कमचा मोर आणि आपला मोर ह्यात कोण खरं? मला वाटतं दोघेही वेगवेगळ्या पिसाबद्दल बोलत असावेत. मोर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिसाऱ्याचं, डोळा असलेलं पीस येतं. त्याचे तंतू सुटे असतात, हवा अडवतच नाहीत, ते तिराला बांधून काही उपयोग नाही. तिराला लागतं पंखाचं मोठं पीस, घट्ट विणीचं. मोराचं हे पीस निळं-हिरवं नसतंच, ते तांबूस असतं. मोर उडताना खाली उभं राहून पाहा, पंखाच्या टोकाकडे विटकरी रंग दिसतो. गारगोटीजवळच्या माळांवर पहाटे गेलात तर आजही दिसेल.

शिकाऱ्याच्या बाजूने विचार केला तर माझ्या तिराला दोनच उमेदवार उरत होते, गिधाड आणि मोर. दोन्ही मोठे पक्षी, एकेका पिसातून दोन-तीन पट्ट्या निघतात. दोन्हींची गळलेली पिसं जमिनीवर मिळतात. मेलेली जनावरं टाकायची जागा गावोगाव होती, तिथे गिधाडं बसायची आणि पिसं टाकून जायची. माझा कल गिधाडाकडे होता. ते पीस जास्त ताठ आणि जास्त टिकाऊ. आज मात्र ते मिळणं विसराच. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ ह्या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली तोवर उशीर झाला होता. मी सत्तावीस वर्षांचा आहे, भुदरगड तालुक्यात वाढलोय, आणि गिधाड मी फक्त मोबाईलवर पाहिलंय.

हे सगळं मी एका संध्याकाळी सोप्यात बसून आजीला सांगत होतो. म्हणजे मी बोलत होतो आणि ती लसूण सोलत होती. गिधाडापाशी आलो तेव्हा तिने मान वर केली.

"गिधाडाचं न्हाई त्ये. तांबडी पिसं हुती. तुझ्या बापानं उपटली."

मी विचारलं, "आजी, तू पाहिली होतीस?"

"बघितली म्हंजे? घरात मीच ठेवून घेतला की त्यो. हे आणून टाकून गेले."

"त्यांच्या मित्राने दिला ना?"

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुणी दिलेला न्हाई. हापिसात ढीग पडल्याला असायचा. धनुष्यं, तीर, जाळी. जप्त केलेलं. केस झाली की जाळायचे. ह्यांनी त्यातला एक आणला."

पुठ्ठ्याचा तुकडा मला तेव्हा कळला. 'तीर, नग १' ही आबांची टापटीप नव्हती. तो मुद्देमाल होता. पुढचा फुटलेला आकडा केसचा.

मी अजून विचारत गेलो तशी ती सांगत गेली. शिपाई माणसं धरून आणायचे. कचेरीपुढे दिवसभर उन्हात बसवायचे. साहेब दौऱ्यावर असला तर दुसऱ्या दिवशीही. कुणी ससा मारलेला, कुणी भेकर. "एकदा मी कळशीभर पाणी पाठवलं तर ह्यांना साहेबाची बोलणी बसली. मग पाठवलं न्हाई." एवढं बोलून ती लसणाचं ताट घेऊन आत गेली.

त्या रात्री मी पिसं सोडून कायदे वाचले. १८५८ च्या एप्रिलमधे खाज्या नाईकाचे भिल्ल आंबापाणीला इंग्रजांशी लढले. त्यानंतर वीस वर्षांनी, १८७८ साली, दोन कायदे झाले. एक जंगलाचा. राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणं, मासे धरणं, फासे लावणं हा गुन्हा ठरला. दुसरा हत्यारांचा. त्यात हत्यार म्हणजे काय ह्याची व्याख्या आहे आणि बंदुका, तलवारी, भाल्यांच्या रांगेत धनुष्यबाण चक्क नाव घेऊन लिहिला आहे. ज्याच्याकडे बांबूची कांब आणि बोरूची काडी आहे तो एका वर्षात कागदावर दोनदा गुन्हेगार होऊ शकत होता. जंगलाचा कायदा १९२७ साली नवा आला, शिकारीचं कलम राहिलं. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी-पक्ष्यांसाठी वेगळा कायदा केला, आणि १९७२ साली आजचा केंद्राचा कायदा आला.

इथे मला स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. मी त्या १९७२ च्या कायद्याच्या बाजूचा माणूस आहे. दाजीपूरच्या जंगलात गवा बघायला जातो तेव्हा तो तिथे उरलाय ह्याचं कारण कायदाच आहे हे मला ठाऊक आहे. आणि त्याच राधानगरी-दाजीपूरच्या रानात कोल्हापूरचे छत्रपती शिकारीला जात असत, त्या शिकारीच्या आठवणी आम्ही कौतुकाने सांगतो. त्यांच्या बंदुकीला कुणी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली नाही. ससा मारणाऱ्याच्या तिराला बांधली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यांची बेरीज जमत नाही.

आबांबद्दलही तेच. वाईट माणूस नव्हता. जळणाऱ्या ढिगातून एक तीर त्यांना काढावासा वाटला, म्हणजे त्यांना तो सुंदर दिसला असणार. पण घरी गोष्ट सांगताना त्यांनी त्याचा मित्र केला. तो माणूस कोण होता, त्याला दंड झाला की कैद, हे त्या फुटलेल्या आकड्यात होतं.

आता पिसाचं. आजीच्या म्हणण्याप्रमाणे तांबडी, म्हणजे मोराच्या पंखाची. माझा गिधाडाचा सिद्धांत गेला आणि वसिष्ठांची यादी ॲस्कमपेक्षा वरचढ ठरली, निदान आमच्या माळ्यापुरती. मग मोराचं पीस आणून लावावं का? रानात वेचायला गेलो तर सापडेलही. पण कायद्यात सवलत आहे ती मोराच्या शेपटीच्या पिसांपुरती, आपोआप गळलेल्या. देव्हाऱ्यात, बासरीला, जत्रेतल्या पंख्याला जी लागतात ती. पंखाच्या पिसाला ती सवलत नाही. शोभेचं पीस घरात चालतं, कामाचं चालत नाही. क्लबवाला मित्र म्हणाला, टर्कीची पिसं विकत मिळतात, विटकरी रंगात रंगवलेलीही, कुणाला कळणारसुद्धा नाही. ते मात्र खरं आहे. मी मागवलेली नाहीत.

बाबा रात्री जेवायला बसले तेव्हा त्यांना विचारलं, "लहानपणी तिराची पिसं तुम्ही उपटली होती?"

त्यांनी आधी आजीकडे पाहिलं, पन्नास वर्षांपूर्वीचा मार अजून शिल्लक असल्यासारखं. मग हसले. तिसरीत होते. वर्गातल्या सगळ्यांच्या पुस्तकात मोरपीस होतं, पेन्सिलीचा भुगा घातला की त्याला पिल्लं होतात म्हणून. ह्यांच्याकडे नव्हतं. कुणीतरी सांगितलं की तुझ्या घरच्या तिराला आहे तेही मोराचंच. मग दोऱ्याखालून ओढून काढली आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. "पिल्लं काय झाली नाहीत," बाबा म्हणाले. "डोळाच नव्हता त्यांना."

मी विचारलं, "कशी होती दिसायला? तीन होती ना?"

"एका बाजूने तिरकी कापलेली. बोटाएवढी लांब, जरा जास्त." ते आठवत राहिले. "तीन नव्हती रे. दोनच. तिसऱ्याच्या जागी नुसता दांडा होता, पीस झडून गेलेलं."

जेवण झाल्यावर मी पुन्हा तीर काढला आणि टॉर्च लावून बघितला. तीन पट्ट्यांपैकी एका जागी, पुढच्या वेढ्याच्या दोऱ्याखाली, नखाएवढा दांड्याचा तुकडा अजून अडकलेला आहे. आणि ज्या बाजूला तो आहे त्याच बाजूला काडी पुढपर्यंत घासून गुळगुळीत झाली आहे, कांबीला घासून होते तशी.